शनिवारचं तेल

शनिवार, ८ नोव्हेंबर. संकष्टी

आज आलेल्या वस्तू: मोटरसायकल एक, जुनी, परदेशी, पुण्याहून, एक लाख दहा हजार. ती घेऊन येणारा टेम्पो, अठ्ठावीसशे. तेलाचा डबा एक, अर्धा लिटर, सहाशे चाळीस. हातमोजे, साडेतीनशे. मोदकांसाठी नारळ, चाळीस. यातला कामाचा फक्त नारळ.

वर आजचा वार बघा. शनिवारी लोखंड आणि तेल घरात आणत नाहीत, हे आमच्या जामखेडच्या शेळीलाही ठाऊक असेल. ह्यांना नाही. मी गेटातच आडवी उभी राहिले.

"ही आत येणार नाही."

"अगं, टेम्पोवाला उद्यापर्यंत थांबतोय का?"

"मग बन्सीकडे नेऊन लावा."

बन्सी हा ह्यांचा कंपनीतला जुना सोबती. आता नागापूरच्या फाट्यावर स्पेअर पार्टचं दुकान चालवतो. गाडी तिकडे गेली. कंपनी जूनमध्ये बंद पडली तेव्हा मिळालेले पैसे बँकेत ठेव म्हणून ठेवा, असं मी किती वेळा सांगितलं असेल. ठेव शनिवारी घरी आली तरी चालली असती.

चंद्र उगवल्यावर जेवलो. मोदक बरे झाले.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज रविवार, म्हणून गाडी आत घेतली. तुळशीपाशी उभी आहे. उभीच राहणार, कारण तिला सीटच नाही. मी म्हटलं, "सीट टेम्पोत पडली वाटतं, फोन करा त्याला."

"हिला सीट नसतेच. उभ्यानं चालवायची गाडी हाय ही."

लाखभर रुपये मोजून उभं राहायचं. एस.टी.त ते तिकिटाच्या पैशात मिळतं. मागे कोणी बसायचा तर प्रश्नच नाही.

मग म्हणाले, "ही ट्रायलची गाडी हाय." हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. ट्रायलवर आणली म्हणजे नाही पटली तर परत देता येते. बन्सीच्या बायकोने, रुपालीने, तसाच मिक्सर आणला होता आणि परत दिला होता. मी विचारलं, "किती दिवसांची ट्रायल आहे?" तर हे हसायला लागले. जूनपासून पहिल्यांदा. मला वाटलं ठसका लागला, मी पाणी आणून दिलं.

ट्रायल हे म्हणे खेळाचं नाव आहे. ओढ्यातून, धोंड्यांवरून, जिथून म्हैससुद्धा वळसा घालून जाते तिथून गाडी न्यायची आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकला की गुण जातात. वेगही नको. हळू, आणखी हळू, मध्येच दगडावर थांबायचं. कुठे जायचं आहे असं विचारलं तर कुठेच नाही. मोठी माणसं हा खेळ खेळतात.

भंडारदऱ्याला धरणाच्या कडेला कुणा धनश्री मॅडमचा कॅम्प आहे. तिथे शहरातले लोक पैसे देऊन हे शिकतात. त्यांना शिकवणारा आणि गाड्या दुरुस्त करणारा माणूस हवाय. हे कंपनीत गाड्या खडकाळ रस्त्यावर चालवून बघायचं काम करायचे, म्हणून ह्यांना वाटतं आपणच तो. तेवीस तारखेला मॅडम ह्यांना चालवायला लावून बघणार. स्वतःची गाडी घेऊन जायचं. जमलं तर पगार आणि राहायला खोली. नाही जमलं तर जामखेडला माझ्या भावाच्या, गहिनीनाथच्या, खताच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसायचं. मेव्हण्याची चाकरी ह्यांच्या मनाला लागते. मला विचाराल तर गहिनीच्या दुकानात पंखा आहे आणि बसायला खुर्ची आहे.

या लाखाच्या गाडीचा क्लच बिघडलेला आहे. म्हणजे मूठ दाबली की इंजिनाने चाकाला सोडून द्यायला हवं आणि गाडी जागेवर थांबायला हवी. ही सोडत नाही. मूठ दाबली तरी आपली पुढे सरकते. दगडावर थांबायच्या खेळात न थांबणारी गाडी. विकणारा हुशार होता, एवढंच यातून कळतं.

सोमवार, १० नोव्हेंबर

ह्यांच्या पिशवीत तो तेलाचा डबा निघाला. गाडी बाहेर ठेवली, पण डबेमहाशय शनिवारीच स्वयंपाकघरात येऊन बसले होते. गव्हाच्या डब्याशेजारी.

झाकण उघडून बघितलं. लाल. सरबतासारखं पातळ. बोट बुडवलं तर बोटावर ठरेना. सहाशे चाळीस रुपयांचं पाणी. शनिवारचं तेल घरात वापरायचं नाही, शनिमहाराजांना वाहायचं, असं आमच्याकडे करतात. पण ह्याचा वास नाकाला झोंबतो. असलं देवाला वाहायचं माझं धाडस होईना.

शेवटी बन्सीच्या दुकानात गेले. तो नव्हता, बायको रुपाली गल्ल्यावर होती.

"वहिनी, हे लई पातळ हाय. कशाचं हाय?"

"फसवणुकीचं. हे ठेव आणि मला तेलासारखं तेल दे."

तिने ट्रॅक्टरचं दिलं. काकवीसारखं, बाटलीतून निघायला तयार नव्हतं. अर्ध्या लिटरच्या बदल्यात एक लिटर. डबा पुसून त्यात माप भरून ओतलं, उरलेलं शिलाई मशीनसाठी ठेवलं. ह्यांना काही बोलले नाही. वारांच्या बाबतीत ह्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला आरती दाखवणं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

अंगणात गाडीचं पोट उघडं पडलं आहे. भाकरीची जुनी परात मागितली, दिली. परतीची आशा नाही.

आत चकत्या असतात. एक लोखंडी, एक खरखरीत, एक लोखंडी, एक खरखरीत, अशी चळत. मूठ दाबली की सगळ्या एकमेकींपासून सुट्या व्हायला हव्यात. त्या चिकटून राहतात म्हणून गाडी सरकते. मी म्हटलं, ओल्या ताटल्या एकात एक घातल्या की अशाच चिकटतात. तर म्हणाले, "अगदी बरोबर! अगदी बरोबर बोललीस." मी काय बरोबर बोलायला बोलले नव्हते, सहज बोलले.

खरखरीत चकत्यांच्या कडेला कारखान्यातला जास्तीचा गोंद राहिलेला असतो, तो ह्यांनी ब्लेडने खरवडला. लोखंडी चकत्या काचेवर पॉलिशचा कागद ठेवून घासल्या. ज्या टोपलीत त्या बसतात तिच्या कडांना दात पडले होते, ते कानशीने सपाट केले. आणि प्रत्येक गोष्ट मला सांगितली. मी मेथी निवडत होते. कान बंद करता येत नाहीत.

जून ते दिवाळी हा माणूस भिंतीकडे बघत बसायचा. चहा घेता का विचारलं तर मान हलवायची, आणि ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मी ठरवायचं. आता सकाळपासून क्लच, क्लच, क्लच. आमटीत मीठ आहे का विचारलं तर प्लेटांची जाडी सांगतात. दोन्हीत कमी त्रास कशाचा, अजून ठरलं नाही.

शिलाई मशीन जड चालतंय. थंडी पडली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

गाडी पुन्हा जोडली. शेवटी तेल भरायचं होतं, तेवढ्यात मॅडमचा फोन आला. हे फोन घेऊन गेटाबाहेर पळाले, जसं काय जावयाचाच फोन. जाताना म्हणाले, "तेवढं तेल ओत गं नरसाळ्यातनं, इंजिनच्या काचेतल्या रेघेपर्यंत." ओतलं. नरसाळ्यातून सावकाश उतरलं, अंगापिंडाने भरलेलं तेल. मला तेवढंच बरं वाटलं.

मग किक. गाडी चालू. हे पाय ठेवायच्या पायट्यांवर उभे राहिले, मूठ दाबली, गिअर टाकला. आणि गाडी निघाली. मूठ आवळलेली, हे "हो, हो, हो" म्हणतायत जसं बैलालाच, आणि गाडी सरळ तुळशीवर. कुंडी फुटली. नुकतंच तिचं लग्न लागलं होतं.

मी खापरं गोळा केली. इतक्या आवाजात गोळा केली की हे दोनदा "चुकलं" म्हणाले.

तुळस तात्पुरती बादलीत लावली. देवीपुढे बसले. ही गाडी राहावी की भंगारात जावी, हे तिच्यावर सोपवलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

गहिनीनाथ आला होता. येताना पावशेर पेढे, निम्मे स्वतःच खाल्ले.

गाडीभोवती फिरला. "दाजी, हिची सीट कुठंय?"

"नसते."

"आन् क्लच?"

"असतो. सुटत न्हाई."

गहिनी असा हसला की शेजारच्यांचं कुत्रं भुंकलं. "म्हंजे बसता येत न्हाई आन् थांबता येत न्हाई! दाजी, या वयात सर्कस कशाला? दुकानात या. पोती मोजायची, सावलीत बसायचं. मी काय तुम्हाला वेगळं समजतो का? चहा आणायला दुसरा पोरगा हाय."

हे कापडाने हात पुसत राहिले, हात आधीच स्वच्छ होते.

यात चुकीचं काहीच नव्हतं. सीटचं मीच आधी म्हटलं होतं आणि जास्त चांगलं म्हटलं होतं. पण पेढ्याच्या तोंडाने दुसऱ्याच्या अंगणात येऊन हसायचं म्हणजे काय? मी म्हटलं, "गहिनी, तू दहावीला तीनदा बसलास तेव्हा ह्या घरातलं कोणी हसलं होतं का?"

"अक्का, मी आपलं चांगल्यासाठी..."

"चांगल्यासाठी चहा घे आणि जा. तुझी एस.टी. जाईल."

तो मोटारीने आला होता. गेला मोटारीनेच. माझ्या नवऱ्याला बोलायचं काम घरात एक माणूस नेमलेला आहे, दुसऱ्याची भरती नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

काल हे दिवसभर खाटेवर. आजही. गाडीवर पोतं टाकलं आहे. अर्धी भाकरी खाल्ली. चहाला मान हलवली.

संध्याकाळी म्हणाले, "सगळं बरोबर केलं होतं मी. काय चुकलं ते कळत न्हाई. हात गेला माझा." मग थोड्या वेळाने, "गहिनीला फोन कर. एक तारखेपासून येतो म्हणावं."

मी फोन घेतला. नंबर काढला. मग म्हटलं, "एक लाख दहा हजार, वर टेम्पो, वर माझी परात, वर तुळशीची कुंडी. इतकं घालून पोतं टाकून झोपायचं? भंगारवाला तरी चालू गाडीला जास्त देतो. उद्या ते पोट पुन्हा उघडा, आणि नीट बघा, नुसतं सांगत बसू नका."

"आता काय बघायचं राहिलंय?"

"मला काय माहीत? मी दहावी पास बाई. तुम्ही एवढं शिकवत होतात ना मला?"

उठून बसले. रागाने का होईना.

फोन केला नाही. तेवढाच एक कॉल वाचला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सगळं लिहिते, कारण आज मी जिंकले.

सकाळी गार पडलं होतं. ह्यांनी खालचा बोल्ट काढला, परात लावली. तेल येईना. मग आलं, एक जाड धार, वेणीसारखी. हे बघत राहिले. बोट लावलं, चोळलं, वास घेतला. रिकाम्या डब्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"सुरेखा, हे कोणतं तेल?"

"डब्यातलं."

"डब्यात कोणी घातलं?"

आता विचारल्यावर मी खोटं बोलत नाही. "मी. शनिवारचं लाल पाणी घरातून काढलं आणि चांगलं ट्रॅक्टरचं आणलं. दुप्पट मिळालं."

हे खालीच बसले, डोकं गुडघ्यात घालून. खांदे हलायला लागले. इतक्या वर्षांत ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. हात लावायला गेले तर हसत होते. डोळ्यांतून पाणी, आणि हसत होते.

मग बन्सीला फोन. तो लाल तेल घेऊन आला. "वहिनी, हे हितं कोन घेतंय! तसंच पडलं हुतं." आणि ह्यांना म्हणाला, "भाऊ, आठवडा झाला तू प्लेटा घासतोय, आन् तेल बघ की! असल्या घट्ट तेलात त्या सुटतील व्हय? हिला पातळच लागतं. वहिनींनी तर पार..."

"बन्स्या, गप," हे म्हणाले. "शनिवारच नडला."

बन्सीचं तोंड उघडं ते उघडंच. "शनिवार?"

"शनिवारी आलेलं तेल. ती म्हनत हुती, मी ऐकलं न्हाई."

इतक्या वर्षांनी. साक्षीदारासमोर. मी बन्सीला चहात साखर जास्त घातली.

लाल तेल भरलं. आज बुधवार, चांगला वार. हे गाडी घेऊन पायरीपाशी गेले, पुढचं चाक एका विटेवर चढवलं, मूठ दाबली. इंजिन चालू, गिअरमध्ये, आणि गाडी जागच्या जागी. हलली नाही. ह्यांचे दोन्ही पाय वर, पायट्यांवर. श्वाससुद्धा घेत नव्हते. मी विटेकडेच बघत होते, माझी नवी वीट होती.

तेच तेल, तोच डबा, फक्त वार बदलला. पातळपणाचं काय ते बन्सीने आपल्या गिऱ्हाइकांना सांगावं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

काल परीक्षा झाली. हे आणि बन्सी शुक्रवारीच टेम्पोने गेले होते. काल सकाळी देवीकडे काही मागितलं नाही. वेळ आणि ठिकाण तेवढं सांगून ठेवलं.

आज बन्सी एकटाच परत आला.

"वहिनी, बघायला पायजे हुतं. ओढ्याच्या मधी हा एवढा धोंडा. भाऊनं गाडी वर नेली आन् तिथंच थांबला. क्लच दाबून. गाडी अशी गप! पानी खालनं वाहतंय. मॅडमनी हातातला कप खाली ठिवला."

"चहा गार झाला असेल."

"शेवटच्या चढाला एकदा पाय टेकला."

"टेकणारच. वय काय त्यांचं. मग?"

"मग काय! मॅडम म्हनल्या, आजपासूनच राहा. लोकं यायला लागली. थेट डिसेंबर अखेरपतोर सुट्टी न्हाई."

"बरं झालं," मी म्हटलं. "घरातला तेलाचा वास गेला."

ह्यांचे कपडे बन्सीबरोबर परवा पाठवायचे आहेत. बघितलं तर स्वेटरचं कोपर विरलेलं. तेच घालून हिंडत होते, सांगायचं नाही. गहिनीला फोन करून कळवलं. तो म्हणाला, "अक्का, तू एकटी कशाला ऱ्हाते, इकडं ये." त्याच्या दुकानात मला पोती मोजायची नाहीत.

बुधवार, २६ नोव्हेंबर. चंपाषष्ठी

वांग्याचं भरीत आणि भाकरी, नैवेद्य दाखवला. भरीत उरलं. एका माणसापुरतं भरीत करता येत नाही, वांगं तेवढं लहान मिळत नाही.

संध्याकाळी ह्यांचा फोन. तिथे खोलीवर रेंज नाही म्हणून धरणाच्या भिंतीवर येऊन बोलतात, मागे चार जण रांगेत. वाऱ्यात निम्मं उडून गेलं. "खोली" ऐकू आलं, "थंडी" ऐकू आलं, मग "...चांगली, पण..." आणि कट. पण काय? माणसाने वाक्य तरी पूर्ण करावं. तिथेसुद्धा नुसतं क्लचचंच बोलले असते तर मला समजलं असतं, आता तेवढं येतं मला.

घर शांत आहे. मला शांतता आवडते. रेडिओ दुरुस्त करून आणला.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

घट मांडला, कथा वाचली. दुपारी पोस्टातून अंतर्देशीय पत्र आणलं. टपालाने पाठवते म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे असं बघितलं जसं मी कबूतर मागितलं. फोनवर चार जणांसमोर विचारायच्या या गोष्टी नव्हेत. पत्र हरवलं तर इथे राहावं म्हणून उतरवून ठेवते:

"साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सर्व खुशाल. बन्सीबरोबर स्वेटर, दोन बनियन, कानटोपी, शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे. चटणी इतरांना वाटू नये, शहरातल्यांना ती सोसणार नाही. स्वेटरला कोपरावर ठिगळ लावलं आहे, ते रंगात मिळतं नाही, कोणी बघायला येणार नाही असं समजून लावलं.

बन्सी सांगत होता की कॅम्पवरचा स्वयंपाकी भाताला भात म्हणावं असं काही करत नाही आणि भाकरी त्याला येतच नाही. मॅडम एवढ्या शिकलेल्या, पण माणसाला काय घालावं हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. तुम्ही तक्रार करणार नाही हे मला माहीत आहे. तुम्ही मान हलवाल.

तिथे चूल आहे की गॅस, ज्वारी कोणत्या गावातून मिळते, आणि जवळ देवीचं देऊळ आहे का, ते लिहावे. खोली चांगली आहे असं फोनवर म्हणालात, ‘पण’च्या पुढचं ऐकू आलं नाही. खोलीत दुसरी खाट मावते का ते दोरीने मोजून बघावे. अंदाजाने सांगू नये, तुमचे अंदाज मी ओळखते. मावली तरी मी येईनच असे नाही, पण मापाचे उलट टपाली कळवावे.

सौ. सुरेखा"